चिमट्या चावत नाही, नुसता दात लागतो

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळ.

कुत्रा आणला. वजन साडेचार किलो. दुकानातली इस्त्री याहून जड असेल. नाव मात्र टायगर.

प्राण्यांच्या संस्थेतल्या बाईंनी फॉर्म वाचून दाखवला. त्या इतक्या हळू बोलतात की ऐकायला पुढे वाकावं लागतं, आणि पुढे वाकलं की कुत्रा गुरगुरतो. मी त्यांचं नाव मऊबाई ठेवलं. टायगरला तीन घरांनी परत केलंय. पहिल्या घरी आजोबांचा अंगठा, दुसऱ्या घरी कुरियरवाल्याची पोटरी, तिसऱ्या घरी खुद्द मालकिणीचं नाक. मऊबाई म्हणाल्या, हा रागीट नाही हो, भित्रा आहे, भीतीने चावतो. चौथ्यांदा परत आला तर मग कुणालाच द्यायचा नाही, असा त्यांचा नियम. मग जन्मभर मागच्या पिंजऱ्यात. एकवीस दिवसांची ट्रायल आहे. चोवीस तारखेला त्या घरी येऊन बघणार आणि काय ते ठरवणार.

मी म्हटलं, एकवीस कशाला, आठ दिवसांत सरळ करते. बावीस वर्षं घराच्याच पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान चालवतेय. वाकडं कापड सरळ करण्यातच जन्म गेला.

रोजचा रिपोर्ट संस्थेच्या फॉर्मवर लिहायचा. ही वही वेगळी, माझी. मापांच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहिलं की डोकं हलकं होतं. घरात कुणी वाचण्याची भीती नाही. आमचे हे शब्दकोड्याशिवाय काही वाचत नाहीत आणि 'हं'शिवाय काही बोलत नाहीत.

लेकीला फोनवर सांगितलं. म्हणाली, आई, तुझ्याजवळ माणसं टिकत नाहीत, कुत्रं काय टिकणार? तिला काय कळतंय. ती नोकरीसाठी परगावी गेल्यापासून घर मुकं झालंय. हाक मारली की येईल असा एक तरी जीव घरात हवा. बास, एवढंच.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

कुत्रा दुकानात कटिंगच्या टेबलाखाली. काल आल्यापासून तिथेच. जेवण तिथे, बाकीचंही तिथेच.

टायगर, टायगर म्हणून दहा हाका मारल्या. मग लक्षात आलं, नावातच घोळ आहे. एवढ्याशा जिवाला टायगर म्हटलं तर त्याला ते निभवावं लागणार. नावाचं टेन्शन येतं आणि चावतो. साधी गोष्ट, पण तीन घरांत कुणाला सुचली नाही. आजपासून चिमट्या.

चिमट्या म्हणून दहा हाका मारल्या. शेजारची पार्लरवाली धावत आली, काय हरवलंय म्हणून.

फॉर्म: नवीन नाव ठेवले. प्रतिसाद लगेच मिळाला.

५ फेब्रुवारी, बुधवार.

चिमट्या सारखा थरथरतो. थरथरणाऱ्याला कपडा हवा. जॅकेट शिवायचं ठरवलं. अस्तरासकट.

मापं घ्यायला टेबलाखाली शिरले. त्याच्या गळ्याभोवती टेप टाकला आणि

दुपारी २. डॉक्टरकडे जाऊन आले. इंजेक्शन घेतलं. डाव्या अंगठ्याला दात लागला. चावणं वेगळं. चावणं म्हणजे मनात धरून, ठरवून. हा नुसता तोंड मिटत होता, मध्ये माझा अंगठा आला.

फॉर्मवर विचारलंय, 'चावला का? हो / नाही.' 'दात लागला' असा रकानाच नाही. 'नाही'वर खूण केली. फॉर्म अपुरा असेल तर त्याला मी काय करणार?

जॅकेट अंदाजाने शिवेन. चालत्या माणसाकडे बघून छातीचं माप सांगणारी बाई मी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

लपायला जागा आहे म्हणून लपतो. जागाच काढून टाकली तर लपेल कुठे? हा विचार मला सकाळी दात घासताना सुचला. चांगले विचार मला तेव्हाच सुचतात.

यांना म्हटलं, टेबल भिंतीकडे सरकवायचंय, तुमच्या बाजूने उचला. हे म्हणाले, अजून दोघांना बोलवू या का. मी म्हटलं, टेबल आहे, हत्ती नाही. उचललं. कट् असा आवाज आला. मला वाटलं टेबलाचा पाय मोडला. बघते तर यांची कंबर.

डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे जमिनीवर चटई टाकून सरळ पडून राहा, हलू नका. यांना काय, हेच हवं होतं.

चिमट्या टेबलाखालून निघाला आणि शिलाई मशीनच्या मागे गेला. म्हणजे जागा बदलायला तयार आहे. प्रगती.

आता घरात दोघं जमिनीवर, आणि दोघंही हाकेला ओ देत नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार.

मऊबाईंचा फोन. त्यांनी सांगितलं, आवाज कमी ठेवा, घाई करू नका, डोक्यावरून हात नेऊ नका, डोळ्यांत डोळे घालून बघू नका. मी म्हटलं, अहो, हे काय सांगायला हवं, माझा स्वभाव मुळातच शांत. लोक ऐकत नाहीत म्हणून आवाज चढवावा लागतो एवढंच. मऊबाई म्हणाल्या, फोन जरा कानापासून लांब धरलाय हं, बोला.

उद्यापासून: आवाज कमी. घाई नाही. मशीनही हळू चालवायची.

१० फेब्रुवारी, सोमवार.

मशीन हळू चालवली. एका चेनला दीड तास. उद्यापासून नेहमीसारखी.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

नवीन पँट घेऊन एक काका आले, तिची उंची कमी करायची होती. पँट घालून स्टुलावर उभे राहिले. मी खाली बसून टाचण्या लावत होते. काका जरा टांग हलवत होते, सवय असते काहींना. मी म्हटलं, हलू नका. काकांनी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तेवढ्यात मशीनच्या मागून चिमट्या आला आणि गेला. मला नीट दिसलंही नाही.

उंची दोन इंच कमी करायची होती. चिमट्याने चार केली. तीही एकाच पायाची.

मी म्हटलं, काका, मशीनमध्ये अडकली वाटतं. काका म्हणाले, बाई, पँट मी घातलेली आहे.

कातडीला काही झालं नाही, पायमोजा जाड होता. दुसऱ्या पायाचेही चार इंच कापून घरात घालायला छान हाफ पँट होईल असं सुचवलं. काका काहीतरी म्हणाले, ते लिहिण्यासारखं नाही. लोकांना विनोद कळत नाही.

फॉर्म: ग्राहकांमध्ये मिसळू लागला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

काल भरवताना चमचा धरलेल्या हाताला दात लागला. आज चमचा ठेवला तरी लागला. म्हणजे चमच्याचा संबंध नाही.

नीट विचार केला. शिलाई शिकले तेव्हा आधी दोरा न ओवता कागदावर मशीन चालवली. मग जुन्या चादरीवर. मग कापडावर. कोटाचं काम आलं तर आधी स्वस्त कापडाचा कच्चा कोट शिवून अंगावर बघतो आणि मगच भारी कापडाला कात्री लावतो. आणि कुत्र्याला मात्र आपण एकदम हात घालतो! चूक ती इथे आहे.

आधी कच्चा कुत्रा करायचा. त्याच्यावर हात बसवायचा. मग खऱ्यावर.

तपकिरी पडद्याचा तुकडा पडला होता. नजरेनेच मापं घेतली. आत कात्रणं ठासून भरली. डोळ्यांना कोटाची बटणं. कान जरा मोठे झाले, पण मी म्हणते, चिमट्याचेच छोटे आहेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

फार चांगला दिवस. डोक्यावरून हात फिरवला, गुरगुर नाही. चारही पाय उचलून बघितले. तोंडापाशी बोट नेलं, काही नाही. जॅकेट घातलं, एका फटक्यात बसलं. सगळं कच्च्यावर. पण हात कसा मऊ पडत होता! मलाच नवल वाटलं.

फॉर्म: डोक्यावर हात ठेवू देतो. पाय तपासू देतो. जॅकेट घालू देतो. स्वभावात मोठा फरक.

हे खोटं नाही. कोण ठेवू देतो हे फॉर्ममध्ये विचारलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार.

मऊबाईंना फार आनंद झाला. फोटो पाठवा म्हणाल्या. जॅकेट घातलेला पाठमोरा फोटो पाठवला. त्यांनी उलट लिहिलं, किती शांत बसलाय गुणी बाळ.

खऱ्या चिमट्याला लांबून सांगितलं, बघ, तुझं केवढं कौतुक चाललंय. त्याने मशीनच्या मागून फक्त एक डोळा दाखवला.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

दुपारी आतल्या खोलीत यांना जेवायला द्यायला गेले. बघते तर चिमट्या चटईवर. यांच्या पोटरीला टेकून झोपलेला! चारी पाय वर!

मी ओरडले. आनंदाने. तो कपाटाखाली गेला. आणि हे मला म्हणाले, अगं, श्श.

सव्वीस वर्षांच्या संसारात मला 'श्श' म्हणण्याची या माणसाची छाती झाली नव्हती. कंबर धरली म्हणून आज काही बोलले नाही.

नंतर उलगडा झाला. हे दहा दिवस हलले नाहीत, बोलले नाहीत. हा माणूस आहे हे चिमट्याला कळलेलंच नाही. त्याला वाटलं गादी आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

हे शब्दकोडं सोडवतात. एका हातात पेन, दुसऱ्या हातात उकडलेल्या चिकनचा तुकडा, हात जमिनीवर तसाच पडलेला. बघतसुद्धा नाहीत त्याच्याकडे. चिमट्या येतो, खातो, बोट चाटतो. माझ्या देखत.

ट्रेनिंग मी दिलं. भीती मी घालवली. आयतं पीक हे कापतायत.

मीही चटईशेजारी आडवी झाले. गप्प. तिसऱ्या मिनिटाला ब्लाऊजला खोचलेली टाचणी टोचली. ओरडणार नाही तर काय करणार? चिमट्या यांच्या स्वेटरमध्ये शिरला. बाहेर काढायला गेले तर मनगटाला दात लागला. नर्सबाई आता मला बघितलं की आपणहून फाईल काढतात.

यांना विचारलं, तुम्ही त्याला काय करता हो? हे म्हणाले, काही नाही. मी म्हटलं, ते मला माहिती आहे, तुम्ही कधी काही केलंय! पण त्याला काय करता? हे म्हणाले, तेच सांगतोय, काही नाही.

या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

तीन दिवस राहिले.

खऱ्या चिमट्याला मी अजून धडपणे हात लावलेला नाही. फॉर्म वाचला तर वाटतं तो माझ्या मांडीवर वाढलाय.

तो मागचा पिंजरा मी बघितला होता, कागद करायला गेले तेव्हा. सिमेंटची जमीन. एक बादली. तिथली कुत्री भुंकत नाहीत. आपण समोर उभं राहिलं तरी उठून बघत नाहीत.

नाही. तिथे नाही जाणार तो.

२३ फेब्रुवारी, रविवार.

प्लॅन पक्का. कच्च्या चिमट्याला जॅकेट घालून दुकानातल्या सोफ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून निजवायचं. वरचा दिवा बंद. मऊबाईंना दारातूनच दाखवायचं. म्हणायचं, आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका. त्या मऊ आहेत, उठवणार नाहीत. खरा चिमट्या आतल्या खोलीत यांच्याजवळ, दार लावून. चहा, सही, टाटा.

यांना समजावलं. हे म्हणाले, खरंच सांगितलं तर? मी म्हटलं, खरं कुठे पळून जातंय, आधी कुत्रा आपल्या नावावर होऊ दे. हे 'हं' म्हणाले. त्यांचं 'हं' मला कधी कळलेलं नाही.

उद्या मी अगदी हळू बोलणार.

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.

पहिली दहा मिनिटं ठरल्याप्रमाणे.

मऊबाई दारात उभ्या राहिल्या, छातीवर हात ठेवला, कुजबुजल्या, अगं बाई, किती निवांत. मी चहा दिला. वाटलं पिऊन जातील. त्या स्टुलावर बसून सोफ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, फार गाढ झोपतो हो. मी म्हटलं, दमलाय. म्हणाल्या, कान हलत नाही एकदाही. मी म्हटलं, ट्रेनिंग. मग चहा खाली ठेवून म्हणाल्या, श्वास दिसत नाहीये. मी म्हटलं, पोट पलीकडच्या बाजूला आहे.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मी हो-नाही म्हणेपर्यंत उठल्या, सोफ्याजवळ गेल्या, मानेला हात लावला आणि कान ओढला.

कान हातात आला. कच्चा टाका घातला होता. तेवढी चूक माझी.

मऊबाई अशा किंचाळल्या की पार्लरमधली बाई तोंडाला लेप लावलेली तशीच रस्त्यावर आली. एवढा आवाज होता तर तीन आठवडे मला कुजबुज का ऐकवली?

मी म्हटलं, घाबरू नका, हा नुसता कच्चा आहे, पक्का आत आहे. त्याने त्या जास्तच घाबरल्या.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. हे कंबरेवर हात ठेवून आले. स्वेटरच्या गळ्यातून चिमट्याचं डोकं बाहेर, कान मागे, डोळे मोठे, पण बसलेला. हे म्हणाले, हा खरा. मला चावत नाही. हिला चावतो, कारण ही थांबत नाही. आत्तापर्यंत त्या काकांची पँट धरून पाच वेळा चावला, त्यात सगळ्या वेळी चूक हिची, पण मन वाईट नाही तिचं, रोज चिकन तीच उकडते आणि हाडं काढून बारीक तीच करते. त्याला परत नेऊ नका.

सव्वीस वर्षांत एका दमात एवढं बोललेले नाहीत. 

मऊबाईंनी डोळे पुसले, खाली जमिनीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, ताई, आता थोडा वेळ अगदी गप्प. मला. माझ्या दुकानात.

हेही हळूहळू खाली बसले. अर्धा तास कुणी बोललं नाही. चिमट्या स्वेटरमधून उतरला, मऊबाईंच्या बुटांचा वास घेतला, पुन्हा यांच्याकडे गेला. बाईंनी लिहून घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ताई, तुम्ही खोटं लिहिलं. आम्ही ते खरं मानलं असतं आणि उद्या दुकानात आलेल्या एखाद्या लहान मुलाने त्याला हात लावला असता तर? मी म्हटलं, पण लावला नाही ना. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मऊ माणसं अशी बघतात तेव्हा फार लागतं.

संध्याकाळ.

निकाल. कुत्रा पास. मालक म्हणून नाव यांचं. माझं नाव खाली, 'घरातील इतर व्यक्ती' या रकान्यात. तिथे शेरा आहे: इतर व्यक्तीसाठी एक महिन्याची ट्रायल.

म्हणजे रोज दहा मिनिटं मी जमिनीवर बसायचं, कुत्र्याकडे पाठ करून. हाक नाही, हात नाही, शब्द नाही. आला तर आला. त्याची नोंद यांनी ठेवायची, माझ्या हातात फॉर्म द्यायचा नाही. महिन्यात फरक पडला नाही तर नियम मोडून चिमट्यासाठी दुसरं शांत घर बघणार.

दहा मिनिटं! मला वाटलं काहीतरी अवघड सांगतील.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

दीड मिनिट. फोन वाजला. त्यात माझा काय दोष?

२६ फेब्रुवारी, बुधवार.

फोन बंद ठेवला. दोन मिनिटं. यांनी शब्दकोड्यात चुकीचा शब्द भरलेला दिसला, सांगणं भाग होतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.

चार मिनिटं. भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीला ओल आलीय हे बावीस वर्षांत पहिल्यांदाच दिसलं. मोठ्याने म्हणाले नाही. पुटपुटले. यांनी ते धरलं. एवढं बारीक तर मीही कुणाचं धरत नाही.

उद्यापासून तोंडात लवंग धरून बसायचं.

२ मार्च, रविवार.

लवंग धरली. तीन मिनिटं झाली. पाच झाली. पायांना मुंग्या आल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. यांच्या पेनाची कुरकुरसुद्धा.

सातव्या मिनिटाला पाठीला काहीतरी लागलं. आधी वाटलं उशी. मग ते गरम होतं. मग ते श्वास घेत होतं. ब्लाऊजमधून कळत होतं, आत, बाहेर, आत, बाहेर. आणि थरथर नव्हती. अजिबात नव्हती. आपला सगळा भार त्याने माझ्यावर टाकला. साडेचार किलो.

मी हलले नाही. श्वाससुद्धा अर्धाच घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, ते लवंगेने.

आठवं मिनिट झालं. नववं झालं. एवढी गप्प मी आईच्या पोटात असतानाही बसले नसेन. आणि हे आपले कोड्यात डोकं खुपसून! बघतसुद्धा नव्हते! नोंद कोण करणार? उद्या मऊबाईंना कोण सांगणार? म्हणून केवळ पुराव्यासाठी म्हटलं, अहो, बघा, बघा, आला!

पाठ गार पडली.

हे बघत होते म्हणे. सुरुवातीपासून. पेपरच्या वरून.

संध्याकाळी यांच्या फॉर्मवर बघितलं. आजच्या तारखेपुढे बारीक अक्षरात: 'आला होता. ही बोलली.'